ब्याण्णव पायऱ्या, सोळा विती

पाहणीवाल्या बाई तीन वाजता येणार होत्या आणि थोरली साडेबारापासूनच खिडकीत ठाण मांडून बसली होती. अशी आधीपासून बसल्याने बाई काही लवकर येणार नव्हत्या, पण हे तिला सांगायची कुणाची टाप होती? जेवणसुद्धा तिने तिथेच उरकलं. ताट मांडीवर, चष्मा कपाळावर आणि नजर खाली जिन्याच्या टोकाला.

"आई, आत हो जरा. उन्हाने डोकं चढेल."

"चढू दे. माझंच आहे ना?"

लेक हसली. ती शहरातली बस चालवायची. सकाळची फेरी आटोपून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून तशीच गणवेशात घरी आली होती, आणि आल्यापासून तीही दर दोन मिनिटांनी आईच्या खांद्यावरून वाकून खाली बघत होती.

"तुझे बाबा कुठायत?"

"शेडमध्ये. आल्यापासून बघतेय, एकच पाइप घासतायत. संध्याकाळपर्यंत त्याची सुई होणार बघ."

थोरलीच्या दारापुढून खालच्या रस्त्यापर्यंत ब्याण्णव पायऱ्या उतरत जातात. मध्यावर एक कट्टा, एका बाजूला सपाट भिंत, दुसऱ्या बाजूला उतार. चौदा महिन्यांपूर्वी, शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन वर येताना तिचा पाय निसटला आणि खुबा मोडला. खुबा जुळला. डॉक्टर म्हणाले, चाला, फक्त हाताला आधार हवा. घरात ती टेबल धरून, नवऱ्याचा खांदा धरून खुशाल हिंडायची. पण दार उघडलं की समोर जिना, आणि धरायला काय? हवा! त्या जिन्याला कठडा कधी नव्हताच. खाली तिचं शिवणाचं दुकान होतं, बावीस वर्षं रोज उतरून उघडलेलं. ते चौदा महिने बंद. तिला उचलून न्यायला चार जण एका पायावर तयार होते. "मला उचलायचं नाही. मी काय कपाट आहे?" असं ती एकदाच म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

तिचा नवरा, गल्लीचा दादा, धंद्याने वेल्डर. त्याने एका रविवारी कुणाला न विचारता वरच्या दहा पायऱ्यांना पाइप ठोकून दिला होता. आठवडा उलटायच्या आत पालिकेच्या ऑफिसची माणसं आली आणि कापून घेऊन गेली. जिना सार्वजनिक, परवानगी कुठे आहे? दादा दोन दिवस जेवला नाही.

आणि मग धाकट्या जावेने शाळेतला तो कागद वाचला. धाकटी मास्तरीण. तिच्या शाळेच्या फलकावर कुणीतरी चिकटवून गेलं होतं: वस्तीतल्या लोकांनी स्वतः सुचवलेल्या आणि स्वतः करायच्या छोट्या कामांसाठी मदत. सामान ऑफिस देणार, घाम लोकांनी गाळायचा, एका गल्लीचा अर्ज एकच. धाकटीने मधल्या सुट्टीतच फोन लावला. "ताई, कठडा!" एवढंच म्हणाली, आणि दोघी फोनवर अशा किंचाळल्या की शाळेचा शिपाई धावत आला.

एकतीस घरांनी सह्या केल्या. रंगाऱ्याने रंग लावायचं कबूल केलं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला म्हणाला, काम चालेल तितके दिवस बिस्किटं माझ्याकडून. अर्ज दोन चाळण्यांतून पार झाला, आज शेवटची पाहणी. सगळं कसं छान जुळून आलं होतं. घोडं अडलं होतं फक्त दादा आणि भाऊपाशी.

कारण दोघे सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वडील, म्हणजे आबा, गेल्यावर वर्कशॉपची वाटणी झाली, लोखंड दादाकडे वर, लाकूड भाऊकडे खाली. सगळं सरळ पार पडलं आणि गाडी रुतली आबांच्या जुन्या वाइसवर. सामान घट्ट धरायचा तो ओबडधोबड बिडाचा गोळा, तो कुणी घ्यायचा! हे काय आयुष्यभर भांडायचं कारण झालं? पण झालं. शेवटी थोरलीने तो स्वतःच्या दुकानात नेऊन शिलाई मशिनशेजारी ठेवला. तेव्हापासून दादाच्या तोंडी भाऊ म्हणजे "खालचे", आणि भाऊच्या तोंडी दादा म्हणजे "वरचे". नवरे बोलत नाहीत म्हणून जावांनीही बोलू नये असा काही कायदा नाही, तेव्हा त्या दोघी दिवसातून तीनदा फोनवर असायच्या.

आत्ताही फोन वाजला.

"ताई, आल्या का हो बाई?"

"मला काय विचारतेस? रस्त्याकडे तू आहेस!"

"हो गं बाई, खरंच की!" धाकटी स्वतःशीच हसली, आणि मग तिचा आवाज एकदम उतरला. "ताई, अर्जात मी एक वाक्य जरा सोयीचं लिहिलंय."

"सोयीचं म्हणजे?"

"नंतर सांगते. यांना आधी सांगते." आणि फोन बंद.

खाली भाऊने दुकानाचं शटर वर केलं. फक्त हवा लागावी म्हणून, असं तो स्वतःला सांगायचा. दर रविवारी सांगायचा, आज तर रविवारही नव्हता. त्याने मशिनवरचं कापड काढलं, चाक एकदा हाताने फिरवून पाहिलं. आवाज न करता फिरलं. बाहेर येऊन तो शेवटच्या पायरीपाशी उभा राहिला आणि तिथून शटरपर्यंतच्या भिंतीकडे बघू लागला. भिंतीवर पेन्सिलीच्या दोन बारीक खुणा होत्या. खुणा केल्याला दोन महिने झाले होते. त्या अजून आहेत ना, एवढंच त्याला बघायचं होतं.

"अहो!"

त्याने चटकन अंगठ्याने खूण झाकली. बायको समोर उभी, हातात अर्जाची प्रत, चेहऱ्यावर चोरी उघडी पडलेल्या मुलीचा भाव.

"एक सांगायचंय. ओरडायचं नाही."

"म्हणजे ओरडण्यासारखं आहे."

"अर्जात विचारलं होतं, मोजमाप कुणी घेतलं. काम करणाऱ्या दोघांनी मिळून घ्यावं अशी त्यांची अट. मी लिहिलं, 'आम्ही दोघांनी एकत्र उभे राहून मोजमाप घेतले आहे.' आणि तुमच्या दोघांच्या सह्या वेगवेगळ्या दिवशी घेतल्या."

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. "मी आणि वरचे? एकत्र उभे? अगं, लग्नाच्या फोटोतसुद्धा आम्ही मध्ये चार माणसं ठेवून उभे राहतो! वर्गात पोरांना खोटं बोललं म्हणून बाकावर उभं करतेस, आणि हे?"

"माहितेय मला. पण खरं लिहिलं असतं तर अर्जच गेला नसता, आणि ताई कायमची वर बसली असती. करा मला बाकावर उभी."

भाऊ कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे लावत राहिला. तेवढ्यात कोपऱ्यावरून बेकरीवाला ओरडला, "आल्या, आल्या, आल्या!"

आणि जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या धडाधड उघडल्या.

पाहणीवाल्या बाई उन्हातून चालून घामाघूम झाल्या होत्या. केसांत पेन्सिल खोचलेली, काखेत फाइल, खांद्याला टेप. त्यांनी जिन्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हा रोज चढता तुम्ही?"

"दिवसातून चारदा," बसवाली लेक म्हणाली. ती दोन-दोन पायऱ्या टाकत खाली पोचली होती. तिला कुणीतरी ब्रेक लावायला हवा होता. "बाई, टेपचं टोक मी धरते. चला ना!"

दोघी मोजत वर चढल्या. दर दहा मीटरला लेक टोक दाबून धरायची, बाई आकडा टिपायच्या, आणि खिडक्यांतून कुणी ना कुणी सूचना करायचंच. "कट्टा धरलात का?" "टेप ढिली पडतेय हो!" लेकीला हसू आवरत नव्हतं. अख्खी गल्ली एका टेपला लोंबकळली होती. शेवटच्या पायरीवर, म्हणजे वरून पहिल्या, बाई थांबल्या.

"अडतीस मीटर." त्यांनी फाइल उघडली. पान उलटलं. पुन्हा मागचं पान काढलं. "नकाशात सेहेचाळीस लिहिलेत."

लेकीचं हसू जागच्या जागी विरलं. "नाही हो, असं कसं?"

"बघा तुम्हीच. कठडा जिन्यापेक्षा आठ मीटर लांब आहे. कुठे जाणार आहे तो, रस्ता ओलांडून बेकरीत?" बाईंचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "ताई, मागे एका गल्लीने बाकांच्या नावाखाली घरावरचे पत्रे मागवले. तेव्हापासून नियम कडक आहे. माप जुळलं नाही तर अर्ज पुढच्या वर्षीवर जातो. मी शेरा मारला की माझ्याही हातात काही राहत नाही."

पुढच्या वर्षी. लेकीने वर पाहिलं. आईचा चेहरा खिडकीत होता आणि ते दोन शब्द तिने ऐकले होते. चौदा महिन्यांत आई एकदाही रडली नव्हती. आत्ताही रडली नाही, फक्त चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बाबा!" ती शेडकडे बघून ओरडली. मग खाली वळून, "काका!"

दादा वरून आला, हातात कानस. भाऊ खालून आला, मागोमाग धाकटी. मधल्या कट्ट्यावर बाई आणि लेक जाऊन उभ्या राहिल्या, आणि दोघे भाऊ कट्ट्यापासून बरोबर तीन-तीन पायऱ्यांवर थांबले, एक वर, एक खाली.

"खालच्यांना विचार," दादा लेकीला म्हणाला, "टेप कुठल्या टोकाकडून वाचली म्हणून."

"वरच्यांना सांग," भाऊ म्हणाला, "सुताराचा हात आहे हा. घणाने नाही मोजत आम्ही."

"बाबा, काका म्हणतायत की..."

"ऐकू आलं मला!"

"काका, बाबांचं म्हणणं..."

"मी काय बहिरा आहे?"

बाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. मग फाइलमधला कागद काढून मोठ्याने वाचला. "'आम्ही दोघांनी एकत्र उभे राहून मोजमाप घेतले आहे.' हेच ना ते दोघे?"

खिडक्यांतून खसखस पिकली. धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ते मी लिहिलं हो बाई. चूक माझी आहे. शिक्षा मला करा, अर्जाला नको."

"माझं माप चुकलेलं नाही," दादा आता थेट बाईंनाच म्हणाला. "आजवर एक गेट परत आलं नाही माझं. कट्ट्याच्या वरचे चार तुकडे पाइपचे, दर तुकड्याला एक वीत जास्त धरली. बस."

"मग मी काय वेगळं केलं?" भाऊ उसळला. "मीही कट्ट्याखालच्या चार तुकड्यांना एकेक वीतच धरली."

"वीत धरली म्हणजे?" बाईंनी विचारलं.

आता हे बाहेरच्या माणसाला कसं समजवायचं? लेकीने कपाळाला हात लावला. "आमच्या आजोबांची शिकवण आहे, बाई. माप दुसऱ्याला सांगताना एक वीत वाढवून सांगायचं. कापणारा कधीतरी आखूड कापतोच, आणि आखूड कापलेलं काही वाढवता येत नाही. आमच्या घरात चादरसुद्धा कुणी बरोबर मापाची आणत नाही."

"अगं," खिडकीतून थोरलीचा आवाज आला, "मीही धरली!"

सगळ्यांनी वर पाहिलं.

"यांनी मला आकडे सांगितले. यांनी वीत धरली असेल हे मला काय ठाऊक? बावीस वर्षं शिवणात गेली माझी, शिलाईचं सोडल्याशिवाय मी कापड कापत नाही. दर तुकड्याला एक वीत वाढवली आणि धाकटीला कळवलं!"

हळूहळू सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या. ती लालबुंद झाली होती. "यांच्या चार तुकड्यांना मीही वाढवली. लग्न होऊन याच घरात आले ना मी!"

बाईंनी ओठ दाबून धरले, पण ते काही दबले नाहीत. त्या खदखदून हसल्या. फाइल कट्ट्यावर ठेवून, पोट धरून हसल्या. अख्खा जिना हसला. "आठ तुकडे, दोन-दोन विती, सोळा विती," त्या डोळे पुसत म्हणाल्या, आणि केसांतली पेन्सिल काढून तिथेच हिशोब मांडला. "साधारण साडेतीन मीटर. असा अर्ज मी अजून पाहिला नव्हता." मग त्यांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. "पण तफावत आठची आहे. उरलेले साडेचार मीटर कुठून आले?"

दादा कानशीकडे बघू लागला. भाऊ स्वतःच्या चपलांकडे.

"पाहणीच्या वेळी दुरुस्ती करता येते," बाई म्हणाल्या. "आत्ता, माझ्यासमोर. पण कागदावर लिहिलंय तशीच हं. दोघांनी, एकत्र, एका टेपने. नाहीतर मला शेरा मारावा लागेल."

दोघेही हलले नाहीत. लेकीला वाटलं, बसच्या भोंग्यासारखं काहीतरी यांच्या कानात वाजवावं.

"ऐका," थोरली खिडकीतून म्हणाली. ती ओरडली नाही, पण जिना असा चिडीचूप झाला की शेवटच्या पायरीवरच्या बेकरीवाल्यालाही ऐकू आलं. "मी तुम्हाला कधी काही मागितलं नाही असलं खोटं मी बोलणार नाही. पुष्कळ मागितलं, आणि तुम्ही पुष्कळ दिलंत. पण मला खाली जायचंय. मला माझ्या दुकानात बसायचंय. या चार भिंतींचा मला वीट आलाय हो! भावजी, टेप धरा. आणि अहो, तुम्हीही."

दादाने कानस कट्ट्यावर ठेवली.

लहानपणी आबा त्यांना असंच कामाला जुंपायचे. टेपचं शून्य मोठ्याकडे, आकडा धाकट्याकडे. मोठ्याने दाबून धरायचं, धाकट्याने पळायचं. दादाने बाईंच्या हातून टेप घेतली, टोक बोटात धरलं, आणि डबी न बोलता पुढे केली. भाऊने ती न बोलता घेतली. दोघे वर चढून आले, तशी सगळी गल्ली पायांच्या टाचा उंचावून बघत होती.

दादा पहिल्या पायरीपाशी थांबलाच नाही. तो सरळ स्वतःच्या दारापर्यंत गेला, वाकला, आणि शून्य उंबऱ्याला लावलं.

"अहो, पहिली पायरी ती तिकडे आहे," बाई म्हणाल्या.

"माहितेय." दादाला घाम फुटला. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा उगाच मोठ्याने बोलतो तसा तो बोलला. "पण ती निघणार इथून! दारापासून पायरीपर्यंत ती काय धरणार? म्हणून दारापासून मोजलं. कुणाला सांगितलं नाही, कारण अर्ज जिन्याचा होता. दोन मीटर जास्त आहेत ते माझे. लिहा माझ्या नावावर!"

बाईंनी काही लिहिलं नाही. भाऊ टेपची डबी हातात धरून भावाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की धाकटीने पटकन त्याच्या दंडाला धरलं.

"दोन," भाऊने आकडा वाचला. "पुढे चला."

पुढे चला! अकरा वर्षांनंतरचे पहिले दोन शब्द, आणि तेही कामाचे. लेक कागदावर टिपत खाली निघाली. दर दहा मीटरला दादा शून्य दाबायचा, भाऊ पुढे जायचा. "धरलंय?" "धरलंय." "ताण जरा." "ताणतोय की!" कट्ट्यापर्यंत येता येता दोघांचे आवाज चढले, पण ते भांडणाचे नव्हते. कामाचे होते. खिडक्यांतून एकही सूचना आली नाही.

ब्याण्णवावी पायरी आली. टेप थांबायला हवी होती. पण भाऊ चालतच राहिला, भिंतीच्या कडेने, डबी हातात.

"अरे, जिना संपला," दादा म्हणाला.

"जिना संपला. कठडा नाही संपला."

"कुठे चाललास?"

भाऊ शटरपाशी जाऊन थांबला आणि त्याने टेप भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणेला लावली. "इथपर्यंत. शेवटच्या पायरीवरून दुकानापर्यंत वहिनी काय अशीच येणार? मध्ये उतार आहे." त्याने मान वर केली नाही. "मीही सांगितलं नव्हतं. अडीच मीटर आहेत. माझ्या नावावर लिहा."

दादा टेपचं टोक धरून तसाच उभा होता. उघड्या शटरमधून त्याला मशिन दिसलं. चौदा महिने बंद असलेलं मशिन, आणि त्यावर धुळीचा कण नाही. शेजारी आबांचा वाइस, दांड्यावर तेलाची चकाकी.

"हे तू उघडतोस?"

"रविवारी. तेल घालावं लागतं. नाहीतर जाम होतं."

"आणि वाइस?"

"त्यालाही घालतो थोडं."

दादाचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. "अकरा वर्षं फुकट घालवली रे आपण," तो म्हणाला. "एवढ्याशा लोखंडासाठी!"

"आधी टेप सोड," भाऊ म्हणाला. "हात कापेल तुझा."

"दोन आणि अडतीस आणि अडीच," लेक कट्ट्यावरून बेंबीच्या देठापासून ओरडली, "साडेबेचाळीस! आई, साडेबेचाळीस!"

वर थोरलीला सगळं दिसलं नव्हतं, पण ऐकू सगळं आलं होतं. दारापासून. दुकानापर्यंत. तिने चष्मा परत लावला, कारण आता तिला काही दिसेनासं झालं होतं, आणि चष्म्याचा त्यावर काही उपयोग होत नाही हे लक्षात आल्यावर तो पुन्हा काढला.

बाई धापा टाकत वर आल्या, मागे अख्खं घर. "भिंत गल्लीची, वाट गल्लीची. माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "नकाशात दारापासून शटरपर्यंत दाखवा, आकडा दुरुस्त करा, दोघांच्या सह्या. मी पात्र म्हणून शेरा मारते. सामान पंधरा दिवसांत येईल."

जिन्यावर जो गलका झाला तो काय वर्णावा! रंगारी खिडकीतूनच विचारू लागला, रंग हिरवा की निळा. बेकरीवाला बिस्किटं आणायला पळाला. धाकटी मास्तरीण जिन्यावर उड्या मारत होती, आणि तिच्या वर्गातल्या दोन पोरी ते बघून गार झाल्या होत्या.

"थांबा, थांबा!" बाईंनी हात वर केला. "एक रकाना रिकामा आहे. उंची."

दादाने भाऊकडे पाहिलं, भाऊने दादाकडे. सोळा विती वाढवणाऱ्या या घरात उंची कुणी मोजलीच नव्हती.

"सगळ्यात जास्त कोण वापरणार?" बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "त्यांच्या हाताप्रमाणे ठरवा. पण माप पायरीवरचं हवं, घरातलं नाही."

खिडकी रिकामी झाली. मग दार उघडलं.

लेक पुढे धावली. "आई, थांब, मी धरते."

"नको. मला धरलंस तर माप चुकेल."

थोरलीने भिंतीला तळवा टेकला आणि निघाली. उंबऱ्यापासून पहिल्या पायरीपर्यंत दोनच मीटर. भिंत गुळगुळीत होती, हात सरकत होता, पाय थरथरत होता. कडेशी पोचल्यावर तिने खाली पाहिलं. ब्याण्णव पायऱ्या, त्यांच्यावर उभे असलेले सगळे शेजारी, आणि पार तळाशी उघडं शटर. नवरा एका हाताच्या अंतरावर होता, दीर दुसऱ्या. तिने आधी दुखरा पाय खाली टाकला, मग दुसरा.

"हं," ती म्हणाली. तिचा तळवा भिंतीवर आपोआप जिथे पडायचा तिथे पडला होता. "मोजा."

दादा गुडघ्यावर बसला आणि त्याने शून्य तिच्या पावलाशेजारी दाबून धरलं. भाऊने कानामागची पेन्सिल काढून तिच्या तळव्याखाली भिंतीवर रेघ मारली आणि टेप ताणली.

"ब्याऐंशी," तो म्हणाला.

"ब्याऐंशी," दादा म्हणाला. "लिहा बाई. कुणी वीत धरायची नाही!"

बाईंनी लिहिलं. दोघांनी सह्या केल्या, एकाच्या खाली एक, आणि या वेळी खरंच एकत्र उभं राहून. लेक हळूच म्हणाली, "चल आई, आत चल आता."

थोरलीने भिंतीवरची रेघ बघितली, मग तळाशी उघडं असलेलं दुकान बघितलं. आत जायची तिला अजिबात घाई नव्हती.

"एक उतरले," ती म्हणाली. "एक्क्याण्णव राहिल्या."